जुन्या पेंटियमवर फोटोत पट्टे दिसतात, कुठलं कार्ड घेऊ?

जुनाडबा
मंडळी, माळ्यावरून बाबांचा पेंटियम खाली काढला. विंडोज ९५, ग्राफिक्स कार्ड एस३ ट्रायो६४व्ही+, त्यावर मेमरी १ एमबी. चालू झाला हेच नवल! पण १०२४×७६८ वर २५६ रंगांच्या पुढे जातच नाही. फोटोत आभाळाला पट्टे, आणि दुसरा फोटो उघडला की मागच्यातले चेहरे हिरवे-जांभळे. कार्ड गेलंय का? नवीन कुठलं घेऊ? डॉसचे गेमही खेळायचेत.

सोल्डरप्रेमी
कार्ड ठणठणीत आहे, मेमरी तोकडी पडतेय. १०२४×७६८ म्हणजे ७,८६,४३२ ठिपके. २५६ रंगांत ठिपक्याला १ बाइट, १ एमबीत मावतं. १६ बिट रंगांना ठिपक्याला २ बाइट, म्हणजे दुप्पट लागते, तिथे अडतं. ८००×६०० ला मात्र ९,६०,००० बाइट पुरतात. सेटिंग्जमध्ये हाय कलर (म्हणजेच १६ बिट) निवडा, रिझोल्यूशन आपसूक खाली येईल.
चेहऱ्यांचं म्हणाल तर २५६ रंगांचं ताट एकच, जेवणारे दोन. पुढची खिडकी आपले रंग वाढून घेते, मागचीला उरलंसुरलं.

कर्सरकाकू
हाय कलरमध्येही आभाळ अगदी गुळगुळीत होणार नाही हं. १६ बिटांत निळ्याला ५ च बिट, म्हणजे ३२ छटा. (हिरव्याला ६, डोळ्याला हिरव्यातला फरक जास्त कळतो म्हणून.) फोटोच बघायचे तर ६४०×४८० ला २४ बिट (ठिपक्याला ३ बाइट) लावून बघा, ९,२१,६०० बाइट होतात. ड्रायव्हरने दिलं तर काम झालं.

तांबडाहिरवा
२५६ रंगांना रडताय? आमच्या सीजीए कार्डावर ग्राफिक्सला एका वेळी ४ रंग. आभाळ मोरपंखी, माणसं गुलाबी, आणि तरी रात्र रात्र खेळायचो.

जुनाडबा
८००×६०० ला हाय कलर आला, चेहरे माणसात आले! पण मला १०२४ च हवंय. आणि गेमचं काय?

सोल्डरप्रेमी
गेमसाठी कार्ड बदलू नका. ३२०×२०० ला २५६ रंग म्हणजे ६४,००० बाइट, १९८७ च्या व्हीजीए कार्डालाही जमायचं. उलट डॉसला ट्रायो फार गुणी.
१०२४ साठी कार्डवर दोन रिकामे सॉकेट आहेत का बघा. असले तर मेमरीच्या चिपा बसवून २ एमबी करा. मशीन बंद करून, आणि चिपेची खाच सॉकेटच्या खाचेला जुळवून.

जुनाडबा
आहेत, दोन्ही रिकामे! एकात कोळ्याचं जाळं. शनिवारी लॅमिंग्टन रोडला चक्कर मारतो.

कर्सरकाकू
कार्ड सोबत न्या. नुसत्या वर्णनावर भलत्याच चिपा गळ्यात पडतात.