चार्ज होतोय म्हणजे केबल चांगली, असं नाही

गाण्यांचा प्लेअर (एमपी३ प्लेअर) जोडूनही कॉम्प्युटरला दिसत नसेल तर 'प्लेअर चार्ज होतोय त्याअर्थी केबल ठीकच आहे, तेव्हा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्लेअर ओळखता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाका' असा सल्ला दिला जातो, तो मला घाईचा वाटतो. यूएसबी २.० च्या केबलमध्ये साधारणपणे ४ तारा असतात: लाल-काळी विजेसाठी, हिरवी-पांढरी डेटासाठी. नुसत्या चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये बऱ्याचदा या शेवटच्या दोन नसतातच. माझा जुना प्लेअर असाच कॉम्प्युटरला दिसेना. दोन संध्याकाळी ड्रायव्हरच्या मागे घालवल्या, शेवटी केबल सोलली, तर आत फक्त लाल आणि काळी! दुसरी केबल लावली आणि लगेच गाण्यांचं फोल्डर उघडलं. तुम्हाला केबल कापायची गरज नाही. त्याच केबलने फोन जोडून त्यातल्या फाइली दिसतात का तेवढं पाहा.

तरीही जमलं नाही तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड बघा. बऱ्याच प्लेअरना एमटीपी आणि एमएससी असे दोन पर्याय असतात, म्हणजे कॉम्प्युटरशी फाइलींची देवाणघेवाण करायच्या दोन पद्धती. एमएससीमध्ये तो साध्या पेनड्राइव्हसारखा दिसतो. एमटीपीसाठी मॅकवर वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि विंडोजच्या 'एन' आवृत्तीत (जिच्यात गाणी-व्हिडिओची सोय आधीपासून नसते) मीडिया फीचर पॅक टाकावा लागतो. आणि हो, कॉम्प्युटरने 'डिस्क फॉरमॅट करायची का' असं विचारलं तर कृपा करून लगेच होकार देऊ नका. आधी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा, गाणी बहुतेक आत सुखरूप असतात.