संबंधांच्या वेळी होणारी वेदना : निदानापर्यंतचे अनुभव

शरीरसंबंधांच्या वेळी महिनोन्‌महिने होणारी वेदना बहुतेक जणी अंगावर काढतात. ती नेमकी कुठे होत होती आणि तिचे कारण कसे सापडले, हे ज्यांना सांगता येईल त्यांनी नावाशिवाय इथे सांगावे.

१. माझे दुखणे ओटीपोटात खोलवर होते. पाळीच्या आधी ते असह्य होई आणि संबंधानंतरही तासन्‌तास ठणका राही. सोनोग्राफी दोनदा झाली, दोन्ही वेळा काहीच आढळले नाही, आणि मग हे दुखणे मनाचे आहे असे मला सांगण्यात आले. सहा वर्षांनी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळीच्या दिवसांत शौचाच्या वेळीही दुखते का, असे विचारले. हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. लॅपरोस्कोपीत, म्हणजे पोटावर लहान छेद घेऊन दुर्बिणीने केलेल्या तपासणीत, एंडोमेट्रिओसिसचे निदान झाले. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयामागे, आतड्याजवळ रुजल्या होत्या. प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो आणि साध्या सोनोग्राफीत तो अनेकदा दिसत नाही, हे कळल्यावर दिलासा मिळण्याआधी मला रागच आला.

२. माझी वेदना आत नव्हती, योनिमुखाशीच आग होत असे. बुरशीचा संसर्ग समजून वर्षभर मलमे दिली गेली. शेवटी एका डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्याने हलकेच स्पर्श करत दुखरी जागा शोधली, आणि दुखेल या धास्तीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू माझ्या नकळत आवळले जातात, हेही दाखवून दिले. त्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि क्रमाने मोठे होत जाणारे डायलेटर (योनीला हळूहळू सवय व्हावी म्हणून आत ठेवायच्या गुळगुळीत नळ्या) यांना आठ महिने लागले. त्या काळात संबंध पूर्ण थांबवण्याचा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटतो.

३. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) कमी झाल्याने योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते. मी ते वयाचे समजून चार वर्षे गप्प राहिले. तपासणीनंतर दिलेल्या इस्ट्रोजेनच्या स्थानिक मलमाने काही आठवड्यांतच फरक पडला.

४. वरील अनुभव वाचून सांगावेसे वाटले, की स्तनपानाच्या काळातही इस्ट्रोजेन कमीच असते. मी सारा दोष प्रसूतीच्या टाक्यांना देत होते. टाक्यांचा व्रण दुखत होताच, पण कोरडेपणाबद्दल मला कुणी विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते.