एकच रहिवासी, तरीही स्वतंत्र कम्यून?

नकाशावाचक (प्रश्न): फ्रान्सच्या द्रोम विभागातील रोशफुर्शा या डोंगराळ गावाची लोकसंख्या जनगणनेत अनेक वर्षे अवघी १ नोंदवली गेली आहे. तरीही ते शेजारच्या गावात विलीन न होता स्वतंत्र कम्यून (फ्रान्समधील सर्वांत खालच्या पातळीचा स्थानिक प्रशासकीय घटक) म्हणून टिकून आहे. अशा गावाला मेयर आणि परिषद मिळते कशी? आणि सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या घरांच्या मालकांची गणना कोठे होते?

दप्तरी: डिसेंबर १७८९ च्या कायद्याने कम्यून निर्माण करताना किमान लोकसंख्येची अट घातली नव्हती आणि ती आजही नाही; त्यामुळे देशात सुमारे ३५,००० कम्यून आहेत आणि त्यांपैकी निम्म्या ठिकाणी पाचशे माणसेही नाहीत. शंभराहून कमी वस्तीच्या गावालाही सात जागांची परिषद असते. सदस्य गावातच राहणारा असला पाहिजे असे बंधन नसल्यामुळे, वडिलोपार्जित घराचा स्थानिक कर भरणारा पण शहरात स्थायिक झालेला माणूसही निवडून येऊ शकतो. विलीनीकरणाचे म्हणाल, तर १९७१ च्या कायद्याला गावांनी फारशी दाद दिली नाही. आपला मेयर सहजासहजी कोण सोडणार?

जुनेपाने: एक तरी रहिवासी आहे म्हणायचा! पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये व्हर्दूनच्या लढाईत बेचिराख झालेल्या सहा गावांची लोकसंख्या शून्य आहे. न फुटलेल्या तोफगोळ्यांमुळे तेथे पुन्हा वस्ती होऊ शकली नाही, तरी ती कम्यून रद्द केलेली नाहीत. त्यांचा मेयर प्रीफेक्ट, म्हणजे विभागातील केंद्र सरकारचा प्रतिनिधी, नेमतो.

नकाशावाचक: घरमालकांचा प्रश्न मात्र राहिलाच.

दप्तरी: माणूस वर्षातील बहुतेक काळ जेथे राहतो, तेथेच तो मोजला जातो. दहा हजारांहून कमी वस्तीच्या कम्यूनमध्ये पाच वर्षांतून एकदा प्रत्येक घराची गणना होते. शिक्षणासाठी शहरात राहणारा वीस वर्षांचा मुलगा शहराच्या लोकसंख्येत धरला जातो, तर आईवडिलांच्या गावी तो 'वेगळे मोजलेले' या सदरात येतो. हे सदर मिळवले की गावाची एकूण लोकसंख्या निघते. सुट्टीतल्या घरांचे मालक या दोन्हींत नसतात. मात्र केंद्राचे मुख्य अनुदान ठरवताना अशा प्रत्येक घरामागे एक माणूस वाढवून धरतात, त्यामुळे बंद घरांचाही गावाला थोडाफार उपयोग होतोच.