आधी मोजू द्या, सूत्र नंतर

एक मत असं ऐकलं की मध्य (म्हणजे सरासरी) आणि मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) यांची सूत्रं पाठ झाल्याशिवाय मुलांच्या हाती प्रयोगाची आकडेवारी देऊ नये. मला उलटं वाटतं.

दोऱ्याला नट बांधून एक मीटर लांबीचा लंबक करा. पाच जणांना २० दोलनांचा (एक दोलन म्हणजे एकदा जाऊन परत येणं) वेळ घ्यायला लावा. समजा आकडे आले ३९.९, ४०.१, ४०.३, ४०.२ आणि ४२.१ सेकंद. सरासरी ४०.५२, म्हणजे चौघांच्याही आकड्यांपेक्षा जास्त! मध्यक मात्र ४०.२. दोन्ही का शिकायचे, हे इथे आपोआप कळतं.

मग तो ४२.१ खोडायचा का? मुलं लगेच खोडतात (आपणही प्रॅक्टिकलच्या वहीत तेच केलं, खोटं कशाला बोला). पण थांबवून विचारा, फरक साधारण दोन सेकंदांचाच का? या लंबकाचं एक दोलनच दोन सेकंदांचं असतं. पठ्ठ्यानं बहुधा पहिलं दोलन पूर्ण झाल्यावर ‘एक’ऐवजी ‘शून्य’ म्हणण्याच्या घोळात एक दोलन जास्त मोजलं. खात्री हवी तर त्यालाच परत मोजायला लावा.

उरलेल्या चार आकड्यांतला दशांशातला फरक हा बोट आणि स्टॉपवॉचचा. ती चूक नव्हे, तो मोजमापाचा स्वभावच आहे.