मदत हवी आहे : लहान बांधकाम कंपन्यांना स्लॅग सिमेंट आणि जुन्या चिऱ्यांकडे कसे वळवावे?

नमस्कार.

मी गोव्यातील म्हापसा परिसरात बांधकामांवर देखरेखीचे काम करतो आणि गेल्या वर्षापासून चार लहान कंपन्यांना सिमेंट व पाण्याचा वापर आणि साहित्याची नासाडी कमी करण्याबाबत सल्ला देत आहे. त्या दोन-तीन मजली घरे बांधतात. हरित मानांकनाचा खर्च त्यांना पेलवत नाही आणि घरमालकही ते मागत नाहीत. त्यामुळे मला साइटवर प्रत्यक्ष करता येतील अशाच उपायांची माहिती हवी आहे.

मुख्य अडचण सिमेंटची आहे. क्लिंकरसाठी (जे दळून सिमेंट बनते त्या भाजलेल्या गोळ्यांसाठी) चुनखडी भाजताना इंधनाचा धूर तर होतोच, शिवाय दगडात बांधलेला कार्बन डायऑक्साइडही सुटतो. म्हणून क्लिंकर कमी असलेले सिमेंट वापरणे हा मला सर्वांत परिणामकारक उपाय वाटतो. स्लॅग सिमेंटमध्ये 25 ते 70 टक्के भाग पोलाद कारखान्यांतील स्लॅगचा (लोखंड वितळवताना उरणाऱ्या मळीचा) असतो, आणि ते क्षारांना सहज दाद देत नसल्याने आपल्या खाऱ्या वाऱ्यात सळ्याही अधिक काळ टिकतात. तरीही कंत्राटदार ओपीसी (साधे पोर्टलँड सिमेंट) सोडायला तयार नाहीत, कारण स्लॅग सिमेंटला सुरुवातीची ताकद सावकाश येते, सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) उशिरा निघते आणि त्याचे भाडे वाढते. त्यांची ही तक्रार खोटी नाही. काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकानुसार ओपीसीच्या काँक्रीटला किमान 7 दिवस, तर मिश्र (स्लॅगसारखे साहित्य मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला किमान 10 दिवस ओलावा द्यावा लागतो. एका साइटवर मे महिन्यात टँकर वेळेवर आला नाही, चौथ्या दिवशीच पाणी थांबले, स्लॅबला तडे गेले आणि दोष मात्र सिमेंटवर आला. तेव्हापासून तो कंत्राटदार या विषयावर बोलूही देत नाही, याचे मला फार वाईट वाटते. सेंटरिंगचे वाढीव दिवस आणि पाण्याचा खर्च कोणी करारातच वेगळा दाखवला आहे का? निदान पाया आणि जोत्यापासून सुरुवात केल्याचा कोणाचा अनुभव आहे का?

दुसरा प्रश्न पाडकामाचा आहे. जुन्या घरांतील मातीत रचलेले चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) हाताने काढले तर बहुधा अखंड निघतात, आणि हवा लागून कठीण झालेले असल्याने खाणीतून नुकत्याच आलेल्या चिऱ्यांपेक्षा ते पुष्कळदा सरसही असतात. जेसीबी लावली की त्याच भिंतीचा एका दिवसात चुरा होतो. तो चुरा रात्री एखाद्या खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीच्या) कडेला ओतलेला मी स्वतः पाहिला आहे. तेथे भराव पडला की मानशीकडे (खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराकडे) जाणारी पाण्याची वाट बुजते आणि शेजारच्या शेतात पाणी तुंबते. काँक्रीटच्या तुकड्यांबाबत आयएस 383 या खडी-वाळूच्या मानकाची 2016 ची आवृत्ती मार्ग दाखवते : त्यापासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, एम 25 या ताकदीच्या श्रेणीपर्यंतच्या आरसीसीमध्ये (सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये) 20 टक्के आणि पायाखालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये पूर्णपणे वापरता येते. चिऱ्यांच्या चुऱ्याचे काय करावे, हे मात्र मला उमगलेले नाही.

पर्वरीजवळचे एक जुने घर पावसाळ्यापूर्वी पाडायचे आहे आणि मालक चिरे राखायला तयार आहेत. मजुरी नगावर ठरवावी की दिवसावर, आणि काढलेले चिरे नव्या भारवाहक भिंतीत घेण्यापूर्वी कोणती चाचणी करून घ्यावी?