गोळीला वास नसतो : तुमच्या घरातले अनुभव लिहा

दारू-सिगारेटचा वास येतो. झोपेच्या गोळीचा, खोकल्याच्या औषधाचा येत नाही. मुलं नशेसाठी औषधं घेतायत हे तुमच्या कधी लक्षात आलं, पुढे काय केलंत, ते लिहा. नावं, शाळा नकोत. सुरुवात मी करते.

सासूबाईंची अल्प्राझोलमची (झोपेसाठी, घबराटीसाठी देतात ती गोळी) पट्टी महिन्याआधीच संपायला लागली. "आई, दोनदा घेतलीत का?" म्हणून मी त्यांनाच टोकत राहिले. त्यांचं विसरणं वाढलंय असंच आम्ही धरलं. मग दहावीतल्या मुलाच्या कंपासपेटीत रिकामी पट्टी सापडली. त्या रात्री रागाने सगळ्या गोळ्या संडासात ओतल्या. तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, पहाटे आकडी आली. रोज घेणाऱ्याची ही गोळी एकदम तोडायची नसते, डॉक्टर हळूहळू उतरवतात, हे मला दवाखान्यात कळलं. सासूबाईंची माफी मागितली. तरी सलतं.

औषध दुकानदार, संभाजीनगर
"काका, बटन आहे?" म्हणजे नायट्राझेपाम, झोपेची गोळी. 2014 पासून ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत. डॉक्टरचं, रुग्णाचं नाव रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपावं लागतं. माझ्याकडे आठवड्यात तीन पोरं एकाच चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन आली, तारखेवर खाडाखोड. मी परत पाठवलं. पुढच्या गल्लीत मिळालं असणार, याचंच वाईट वाटतं.

वय 22
अकरावीत आम्ही वर्गणी काढून नशेसाठी कोडीनचं, म्हणजे अफूच्या जातीचं खोकल्याचं सिरप आणायचो. त्याने बद्धकोष्ठ होतं; पोट साफ होत नाही म्हणून आई त्रिफळा द्यायची, तिला काय माहीत! एकदा मित्राने वर बिअर घेतली. घोरायला लागला, ओठ निळे. पोलिसांच्या भीतीने आम्ही म्हणालो, झोपू दे. रिक्षावाल्या काकांनी उचलून नेलं म्हणून तो आज आहे.

बहीण, कोल्हापूर
ऑपरेशनमध्ये रक्तदाब पडला की देतात ते मेफेंटरमाइन भाऊ जिमसाठी टोचायचा. तिघांत एक सुई.

एक आई
आज मुलीच्या पर्समध्ये लाल रेघेची (डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतात त्या गोळ्यांची) अर्धी पट्टी मिळाली. ती 16 वर्षांची आहे. विचारू की नको?

मी
विचारा ताई, पण जवळ बसून. किती दिवस, रोज किती, ते लिहून घ्या. उद्या डॉक्टरांना तेच लागेल. 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करता येतो. शुद्ध हरपली, श्वास मंदावला तर थांबू नका, 108 लावा.