मदत हवी आहे: आरोग्याच्या ॲपमधे लाल रंग नक्की कशाला ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

आशाताई, अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्रातल्या सिस्टर यांच्यासाठी एक वेब ॲप आहे. लसीकरण, कुपोषण, गरोदर मातांची नोंद, तीन मॉड्यूल तीन टीमनी केलेली, एक रिॲक्टमधे बाकी दोन अँग्युलरमधे, म्हणजे वेब ॲप बांधायची दोन वेगळी फ्रेमवर्क. आता सगळं एका लॉगिनखाली आणायचंय आणि कॉमन डिझाइन सिस्टिमचं, म्हणजे रंग, बटणं, अंतरं सगळीकडे सारखी ठेवायचं काम माझ्याकडे आलंय.

बटणं, स्पेसिंग वगैरे होऊन जाईल. देवनागरीसाठी लाइन हाइट वाढवली, आधी इंग्रजीच्या मापाने ठेवलेली त्यामुळे 'गर्भवती'चा रफार वरून कापला जायचा, ते सुटलं. अडलंय ते रंगांवर.

कुपोषणवाल्यांचा लाल म्हणजे दंडघेराच्या पट्टीवरचा लाल, 11.5 सेंमीच्या खाली, म्हणजे सॅम (अतितीव्र कुपोषित) बाळ. 11.5 ते 12.5 पिवळा, त्यावर हिरवा. ही पट्टी सेविकांच्या रोजच्या हातातली आहे, तिचे रंग आपण बदलायचे नाहीत हे माझं ठाम मत. पण लसीकरणात लाल म्हणजे डोस राहिलाय, समजा 14 आठवड्यांचा पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस), आणि फॉर्ममधे लाल म्हणजे मोबाइल नंबर नऊच आकडी टाकलाय. हे तिन्ही एकाच बाळाच्या कार्डावर आले की नंबरची चूक आणि सॅम बाळ सारखंच दिसतं, आणि उन्हात अंगणात उभं राहून बघणाऱ्या बाईने त्यातलं आधी काय बघायचं?

एनएचएसची (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची) डिझाइन सिस्टिम बघितली, त्यांच्या केअर कार्डात, म्हणजे सल्ल्याच्या चौकटीत, साध्या सल्ल्याला निळा, तातडीच्याला लाल आणि अगदी इमर्जन्सीला लाल-काळा आहे, शिवाय पातळी शब्दातही सांगतात. पण ते पेशंटनी वाचायचं, आमच्याकडे रोज यादी उपसणारी माणसं आहेत.

माझा विचार असा की टोकनला (कोडमधे रंगासाठी वापरायच्या सामायिक नावाला) रंगाचं नावच द्यायचं नाही, 'पोषण-सॅम', 'डोस-राहिला', 'फॉर्म-चूक' अशी अर्थाची नावं द्यायची, भडक लाल फक्त सॅमला, राहिलेल्या डोसला गडद निळा आणि घड्याळाचा आयकॉन, आणि प्रत्येक ठिकाणी शब्द हवाच कारण लाल-हिरवा फरक न कळणारेही असतात. लसीकरणवाली टीम म्हणते निळ्याने निकड जाणवत नाही, आणि त्यांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही.

कोणी असं काम केलंय का? राहिलेल्या डोसला काय दिलंत? आणि दोन फ्रेमवर्क असताना वेब कंपोनंट (कुठल्याही फ्रेमवर्कमधे चालणारे तयार घटक) करावेत की नुसते सीएसएस व्हेरिएबल (रंग-मापांची मूल्यं) शेअर करून भागतं? तुमची टोकनची यादी दाखवता आली तर फार मदत होईल.